आर्वीच्या गाडीची खबर आणि शकुबाईसाहेबांची फत्ते

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, भाद्रपद मासी, मौजे नाचणगावी मोबाइलच्या मैदानी जो संग्राम जाहला, त्याचे यश पुढे भलत्याच्या नावे जमा होऊ नये, सबब ही हकीकत येणेप्रमाणे.

सकाळी दहाचे सुमारी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहाचे अधिपती राजश्री सचिनराव यांचे फर्मान सुटले की, आर्वीची गाडी नाल्यात गेली, आणि सोबत पुराचे चित्र. त्याच गाडीत शकुबाईसाहेबांचे धनी कवडूजी डोळे तपासावयास स्वार जाहले होते, आणि त्यांचा मोबाइल घरीच चार्जिंगवर मुक्कामी होता. बाईंचे हातचे पीठ हाती राहिले.

मग बाई तैशाच पारावर चालोन गेल्या. सचिनरावांनी भैय्याजींचा हवाला दिला, आणि भैय्याजी गरजले, "पक्की खबर हाय! श्रावणनं सांगतली," आणि श्रावण शपथेवर वदले की, आपण सचिनरावांचे फर्मान वाचले. बाईंनी ताळा घेतला: साक्षी तीन, डोळा एकाचाही नाही. मग चित्र न्याहाळोन पुसले, "काऊन रे सचिन, आर्वीच्या रस्त्यावर नारळाची झाडं कधी लागली?" चित्र परमुलखीचे ठरले. परंतु नाल्यास पाणी खरेच होते, आणि बाईंचे काळीज ठिकाणी येईना.

लेक सुरभी आर्वीस वसतिगृही. बापाचे पुसावे, तर पोर हबकेल. मग बाईंना मसलत सुचली. लेकीचा डबा रोज त्याच गाडीने जाई, तोही कंडक्टरचे हवाली. कारण कवडूजींचे हाती दिल्यास वाटेतच काबीज होई, हा पूर्वानुभव. डबा पावला तर गाडी पावली, आणि गाडी पावली तर धनी पावले.

आवाज धरोन फोन लाविला, "सुरभे, डबा आला काय वं?"

"आला न आई. पन बाबा आलते स्टँडवर, दोन पोळ्या तेच खाऊन गेले!"

बाईंनी पदर तोंडास लाविला. मग हुकूम सोडिला, "बाबाले सांगजो, घरी या म्हना, मंग पाह्यते!"

समूहावर भैय्याजींनी लागलीच जाहीर केले की, गाडी सुखरूप आहे, हे आपण आधीच म्हटले होते.

सायंकाळी कवडूजी रिकामा डबा घेऊन सुखरूप दाखल जाहले. फत्ते शकुबाईंची, नुकसानी पोळ्या दोन. बाईंनी डब्याआधी धन्यांचा हात धरिला, ऐसे गावी बोलतात. परंतु त्यास डोळ्यांचा साक्षी नाही, सबब ते येथे लिहिले नाही.