अब्बाजान परसोंच गेले!

"संध्याकाळच्या चहाआधी रिश्ता पक्का झाला नाही, तर करामत अलीचं नाव बदला!"

करामतमामूंनी सकाळी सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून ही घोषणा केली. ऐकायला फक्त बिल्किसमुमानी होती, आणि नवऱ्याचं काय काय बदलता येईल याचा विचार ती लग्न झाल्यापासूनच करत आली होती.

"आधी गोवळकोंडा, मग कुतुबशाही कबरी, मग चारमिनारला बांगड्या!" मामू बोटांवर मोजत म्हणाले. "या शहरावर जो फिदा झाला, तो या शहरातल्या मुलीला नाही म्हणूच शकत नाही!"

"शहर दाखवा हो खुशाल. तोंड तेवढं कमी उघडा."

तोंड कमी उघडा! हे मामूंना सांगणं म्हणजे मुसी नदीला 'जरा सरकून वाहा' म्हणण्यासारखं.

पण मुमानीची धास्ती खोटी नव्हती. दुर्दाना ही मामूंच्या दिवंगत बहिणीची मुलगी. चिमुकली होती तेव्हापासून मामूंच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि येईल त्या स्थळाला चहाच्या कपासकट परत पाठवायची. उवैस हा भोपाळचा, तिच्यासारखाच शिक्षक, कुठल्याशा प्रशिक्षणात भेटलेला. त्याचं नाव निघाल्यावर ती पहिल्यांदाच "बघू" म्हणाली होती. दुर्दानाचं 'बघू' म्हणजे दुसऱ्या मुलीचं वाजतगाजत 'कबूल'! मामू त्या दिवशी गच्चीवर जाऊन एकटेच रडून आले होते. आणि आता उवैस आणि त्याची आई मेहरताज बेगम दिवाणखान्यात बसले होते. हे स्थळ हातचं गेलं असतं, तर मामूंना पुन्हा आरशात बघवलं नसतं.

खीमा-खिचडी आली, आंबटढाण खट्टा आला. मेहरताज बेगम ताठ बाईमाणूस. घास घेण्याआधी विचारपूस करावी तशी त्यांनी केली.

"घरात वडीलधारं कोण? आपले वालिदसाहेब?"

"अब्बाजान? ते परसोंच गेले!" मामू खिचडी वाढत म्हणाले.

आता हैदराबादी माणसाचं 'परसों' कसं असतं, तर काल सोडून मागचं सगळं परसों! मामूंचा मोतीबिंदू परसों काढला, लग्न परसों झालं आणि ज्या पुरात त्यांच्या आजोबांचा पाळणा तरंगला, तो पूरही परसोंच आला होता. भोपाळच्या बिचाऱ्या बाईला मात्र परसों म्हणजे परसोंच. कालच्या आधीचा दिवस!

"गेले? कुठे गेले?"

मामूंनी चमच्यानेच छताकडे खूण केली. "वर!"

"गच्चीवर?" उवैसने विचारलं.

"अल्लाकडे! खट्टा घ्या ना उवैसमियाँ, लाजताय काय?"

बेगमचा घास हातातच राहिला. चेहरा पांढराफटक! "या अल्ला! अहो, आम्हाला कळवायचं तरी!"

"त्यात काय कळवायचं? चालायचंच!"

"आम्ही... आम्ही आल्या पावली परत जातो, करामतभाई. असल्या वेळी..."

"परत? काहीतरीच! गाडी दारात उभी आहे! अहो, आज अब्बाजान असते तर सगळ्यांत आधी तेच गाडीत जाऊन बसले असते!"

बेगमनी उवैसकडे पाहिलं. उवैसने खट्ट्याच्या वाटीकडे पाहिलं. दोघं उठले आणि झोपेत चालल्यासारखे गाडीत जाऊन बसले. मुमानी आणि दुर्दाना मागोमाग चढल्या. पाहुणे भारी लाजाळू, असं मामूंनी मनाशी ठरवून टाकलं.

गोवळकोंड्याच्या दरवाजात मामूंना जोर चढला. जिच्याखालची टाळी पार गडाच्या माथ्यावर ऐकू येते, त्या कमानीखाली उभे राहून त्यांनी कडाड् करून टाळी वाजवली.

"ही टाळी थेट वर ऐकू जाते, बेगमसाहेबा!"

"वर?" बेगम आभाळाकडे बघत पुटपुटल्या.

"एकदम साफ! वरच्यांना लगेच कळतं, खाली काय चाललंय ते!"

"आणि तरीसुद्धा तुम्ही टाळ्या वाजवता?"

"तरीसुद्धा काय? त्यासाठीच तर वाजवतो!" आणि मामूंनी आणखी दोन वाजवल्या. बेगमनी पदर तोंडाशी नेला. मामूंना वाटलं, कौतुकाने!

पायऱ्या चढताना दुर्दाना मागे पडली. मुमानीने हौसेने घ्यायला लावलेल्या नव्या खडीदार सँडलनी तिच्या टाचांची सालटी काढली होती. पायरीगणिक डोळ्यांतून पाणी! पण पहिल्याच दिवशी होणाऱ्या सासूसमोर अनवाणी कसं चालायचं? बेगम तिच्यापाशी थांबल्या. तिचा हात हातात घेतला.

"खूप दुखतंय ना, बेटा?"

"हो," दुर्दाना ओठ चावत म्हणाली. "पण दोन-तीन दिवसच त्रास होतो, मग सवय होते, असं मुमानी म्हणते."

"मुमानी असं म्हणते?" बेगमचे डोळे विस्फारले. "आणि तू सहन करतेस! केवढा हा सबर! एवढ्या घरात माणूसपण काय ते तुझ्याकडेच दिसतंय गं!"

पुढे चालणाऱ्या मामूंच्या कानावर एवढंच शेवटचं वाक्य आलं. घरात माणूसपण नाही? काय कमी पडलं? खिचडीत मीठ? त्यांनी घाबरून आणखी जोरात हसायला आणि आणखी जोरात माहिती सांगायला सुरुवात केली. जितकं हसावं, तितका बेगमचा चेहरा काळवंडे!

कबरींच्या बागेत पोचल्यावर तर कहर झाला. पहिल्याच घुमटाखाली बेगमनी हात वर केले, फातिहा पढला आणि ढसाढसा रडू लागल्या. मामू हबकले! सुलतानांवर इतकं प्रेम? भोपाळमध्ये?

"अहो बेगमसाहेबा, इतकं मनाला लावून घेऊ नका! त्यांना जाऊन चारशे वर्षं झाली!"

"मी वालिदसाहेबांसाठी रडतेय!" बेगम हुंदके देत म्हणाल्या. "कोणीतरी रडायला नको का?"

कोणाचे वालिदसाहेब, हे मामूंना काही उमगेना. तोवर बाहेरच्या चिंचेखाली मुमानीने चादर अंथरून डबा उघडला होता. बिर्याणीचा दम सुटला आणि कबरींपर्यंत दरवळला. तिथे बेगमचा बांध फुटला!

"बिर्याणी? कबरींच्या दारात? करामतभाई, आमच्याकडे मौत झालेल्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही! आणि तुम्ही टाळ्या वाजवता, पोटभर हसता! असल्या दगडाच्या काळजाच्या घरात मी सोयरीक कशी करू?"

मामूंच्या पायाखालची जमीन सरकली. रिश्ता गेला! पण त्याहून मोठा धक्का वेगळाच होता.

"मौत? कोणाची मौत? बिल्किस! अगं बिल्किस!"

"इथेच आहे की, तुमच्या नाकासमोर!" मुमानी पळीसकट उभी राहिली. "आणि जिवंत आहे!"

"तुमच्या अब्बाजानची मौत!" बेगम कडाडल्या.

"अब्बाजानची? ते तर परसों गेले!"

"तेच म्हणतेय मी! परसों!"

"अहो, परसों म्हणजे परसों!"

"मग मी काय म्हणतेय?"

दोघं एकमेकांकडे दोन चुकीच्या घड्याळांसारखे बघत राहिले. शेवटी मुमानीने कपाळावर पळी मारून घेतली. "बेगमसाहेबा, सासरे गेले तेव्हा ही दुर्दाना चौथीत होती! या माणसाचं परसों असंच असतं! याच्या हिशोबाने चारमिनारसुद्धा परसोंच बांधलाय!"

बेगम मटकन चादरीवर बसल्या. उवैस दुसरीकडे तोंड करून खोकू लागला. खोकताना त्याचे खांदे जरा जास्तच हलत होते. मामूंच्या जिवात जीव आला. सुटलो!

पण बेगम ताठ बाईमाणूस. त्यांची नजर हळूच दुर्दानाकडे वळली.

"चौथीत होती? मग ही सकाळपासून कोणासाठी रडतेय?"

दुर्दाना कधी खोटं बोलायची नाही. मामूंनीच तिला तसं वाढवलं होतं आणि त्याचा इतका पश्चात्ताप त्यांना आजवर झाला नव्हता. दुर्दानाने सांगण्यासाठी तोंड उघडलं, "अहो, ते माझे सँ..." आणि मामूंनी झटकन आपला जडशीळ बूट तिच्या पायावर ठेवला. नेमका सोललेल्या टाचेवर!

दुर्दानाच्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या.

"या अल्ला!" मेहरताज बेगम ताडकन उठल्या. "इतक्या वर्षांनीही नानाजानसाठी एवढं रडते! अगं, अशी सून मला दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही!" आणि त्यांनी तिला छातीशी घट्ट धरलं.

"मामू, पाय काढा!" दुर्दाना दातओठ खात कुजबुजली.

"काय म्हणतेय पोरगी?" बेगमनी विचारलं.

मामूंची जीभ टाळ्याला चिकटली. आयुष्यात पहिल्यांदाच! तेवढ्यात दिवसभर मुका राहिलेला उवैस शांतपणे पुढे झाला.

"अम्मी, ती म्हणतेय, मामूंच्या घरातून पाय निघत नाही."

झालं! बेगम रडल्या, मुमानी रडली. आणि पोरगी आता खरंच भोपाळला जाणार हे ध्यानात आल्यावर मामूही भर बागेत हमसून हमसून रडू लागले.

पाय काढायचा तेवढा विसरले!