हरायला शिकवणारे सर

ढोकणे सर हरले की मला भिंतीपलीकडे, माझ्या स्वयंपाकघरात कळते. "हारलो नं बाप्पा! साफ हारलो!" असे ओरडत ते खुर्चीभोवती एक फेरी मारतात आणि जिंकणाऱ्याला कमरेत वाकून नमस्कार करतात. जिंकणारा बहुधा आठ-नऊ वर्षांचा असतो.

पोरांनो, दिग्रसच्या आपल्या घरामागे शाळा आहे ना, तिथे एक वेगळा वर्ग भरतो. राग, भीती, हट्ट ज्यांच्या ताब्यात राहत नाही, अशा मुलांचा. ढोकणे सर त्यांना ऑनलाइन खेळांतून गणित शिकवतात. मी आठवड्यातून दोनदा इंग्रजीसाठी जाते. तुम्हाला ठाऊकच आहे, मला प्रत्येक गोष्टीचा हेतू विचारायची सवय. मी विचारले, "सर, गणिताच्या तासाला हरण्याचा एवढा सोहळा कशाला?"

"काकू, पाढे काय, आज ना उद्या येतीलच. हारणं कोण शिकवते त्याईले?"

मग त्यांनी नियम काढला. हरेल त्याला मूठभर फुटाणे. दुसऱ्याच दिवशी सात दुणे किती, हे वर्गात कोणालाच येईना. नेहमी पहिला येणारा गौरव तीनशे लिहून मोकळा झाला. "सर, मी पहिले हारलो!" "हा खोटं बोलते सर, पहिले मी हारलो!" हरण्यावरून मारामारी जुंपली. तेव्हा नियम बदलला. फुटाणे हरणाऱ्याच्याच हाती, पण त्याने ते सगळ्यांना वाटायचे. हरलेला मुलगा यजमान होऊन रुबाबात फिरू लागला.

काजलवर मात्र ही मात्रा चालेना. नऊ वर्षांची पोर, पाढ्यांत पटाईत. पण उत्तर चुकून पडद्यावरचा तिचा बेडूक नदीत पडला की हाताला लागेल ती वस्तू भिंतीवर जाई. दोन माउस आणि एक कीबोर्ड गेल्यावर मुख्याध्यापिकांनी बजावले, "दिवाळीनंतर एक जरी वस्तू फुटली, तर तिला खेळाला बसवायचं नाही."

सर स्वतः मात्र काजलशी खेळताना नेहमी मुद्दाम हरत. शेवटी मी म्हटलेच, "अहो, सगळ्यांना हरायला शिकवता, आणि हिलाच तेवढं जिंकू देता?"

सर बराच वेळ वायरींचा गुंता सोडवत राहिले. मग म्हणाले, "खरं आहे काकू. पण घरी-दारी सगळेच तिले हारवून राह्यले. मले हिंमतच होत नाही."

दिवाळीच्या सुट्टीत चारच्या सुमारास मी चिवडा घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. सर इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसले होते. पडद्यावर लिहिले होते, 'दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहोत.'

"कोण यायचं आहे?"

"सांगतलं होतं सगळ्याईले, सुट्टीत रोज चारले खेळू म्हणून. फोन भेटत नसन पोट्ट्याईले घरी." सुट्टीचा तो पाचवा दिवस होता.

मी डबा ठेवणार, तोच पडद्यावर दुसरा बेडूक आला. खाली नाव, काजल. ती फुलसावंगीला मामाकडे गेली होती, फोन मामाचा.

सरांनी माझ्याकडे पाहिले. "आज खरं खेळतो काकू."

आणि ते खरे खेळले. काजलही इरेला पेटली. शेवटच्या उडीला तिचे उत्तर चुकले आणि बेडूक पाण्यात गेला. मग पडद्यावर काहीच हलेना. सरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"मामाचा फोन गेला भिंतीवर," ते पुटपुटले. "मीच कायले जिंकलो?"

मी डबा हातात धरून तशीच उभी. बऱ्याच वेळाने एकेक अक्षर उमटत गेले. 'सर मी हारली. आजून एक डाव खेळा नं. जाऊ नका.'

सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग एका बोटाने, शोधून शोधून, उत्तर लिहिले.

'कुठी जातो माय. इथंच बसून हावो.'