तिसरीचा जुना पट

सर्जेराव आबांनी शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून चहाचा पहिला घोट घेतला आणि घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी होते. साडेअकराला दौंडहून विस्तार अधिकारी त्यांची योजना बघायला येणार होते. साहेबांना पटली तर ती तालुकाभर लागू होणार होती, आणि आबांचं नाव तिच्याबरोबर पार यवतपर्यंत जाणार होतं.

योजना साधी होती. राहू गावाच्या पुढच्या चिंचवाडीत पोरं शाळा फार बुडवायची. कुणी उसाच्या ट्रॅक्टरमागं, कुणी नदीवर. शाळा समितीचे अध्यक्ष झाल्याबरोबर आबांनी ग्रामपंचायतीत ठराव करून घेतला. रोज अकराला भोंग्यावरून गैरहजर पोरांची नावं पुकारायची. नाव येईल त्याला घरच्यांनी अर्ध्या तासात शाळेत हजर करायचं, नाही तर घराचं नाव चावडीच्या फळ्यावर. आजवर कुणाच्या बापाला न भ्यालेली माणसं त्या फळ्याला भिऊ लागली. शिवाय आबा घरोघर सांगत फिरायचे, "मी शाळेचा एक दिस बुडवला न्हाई. म्हणून हितवर आलो."

नावं पुकारायचा पंचायतीचा शिपाई म्हाळू. गेल्या आठवड्यात त्यानं एका सदस्याच्या नातवाचं नाव गुपचूप गाळलं, तेव्हा आबांनी त्याला चारचौघांत झापलं होतं. "पटावर आसंल ते वाचायचं. कुणाचं हाय ते बघायचं न्हाई. आन् डोकं तर बिलकूल चालवायचं न्हाई!" म्हाळूनं ते फारच मनावर घेतलं होतं.

आणि आज नेमकं साहेबांना दाखवायला म्हणून स्नेहल मॅडमनी शाळेचे जुने हजेरीपट माळ्यावरून काढून, नवी कव्हरं घालून टेबलावर मांडले होते. म्हाळू आला, हाताला लागला तो पट काखेत मारला आणि चावडीकडे गेला.

भोंगा खरखरला. "इयत्ता तिसरी. तारीख अठरा डिसेंबर. गैरहजर, मारुती गेनू."

आबांनी कान टवकारले. वाडीत मारुती गेनू एकच, आणि त्याचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

"हौशीराम सखाराम."

हा तर डेअरीचा माजी चेअरमन.

"सर्जेराव बाजीराव."

चहा धोतरावर सांडला.

"नकुशी धोंडिबा."

"मॅडम, ह्यो कुठला पट वाचतोय?"

स्नेहल मॅडम टेबलाकडे धावल्या. "आबा, एकोणीसशे सत्तरचा गेला!"

आबांनी म्हाळूला फोन लावला. बंद. पुकारताना रिंग भोंग्यात वाजते म्हणून फोन बंद ठेवायचा, हा नियमही आबांचाच. तोवर म्हाळूनं ठरावाप्रमाणे सगळी नावं दुसऱ्यांदा वाचली. आणि वाडीनंही ठराव पाळला.

पहिली स्कूटी आली करिश्माची. मागं काळा चष्मा लावलेले तिचे सासरे, मारुतराव. "मॅडम, आमचं घर फळ्यावर नको. येळंत आणलंय, लिहून घ्या. मामा, उतरा."

"आगं पर मी क्येलं काय?"

"ते मॅडमला सांगा."

पाठोपाठ हौशीराम स्वतःच चालत आला. "पन्नास वर्सांनी जाग आली व्हय सरकारला?" असं म्हणत तो तिसरीच्या वर्गात शिरला आणि थेट खिडकीजवळ जाऊन बसला. "माझी जागा हीच. हितनं उडी टाकायला सोपं जायचं."

वर्गात हसण्याचा गदारोळ उठला. "आजोबा, उडी टाकून कुठं जायचा?"

"हुरड्याला! धुरपदाकाकूच्या रानात. मारुत्या, आठवतंय का? आगटीत बोटं भाजायची, पर कणीस सुटायचं न्हाई."

"आन् काकू आली की ज्वारीत पालथं पडायचं," मारुतराव म्हणाले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले. दारात उभ्या आबांच्याही तोंडाला पाणी सुटलं. कोवळा हुरडा, लसणाची चटणी, वर गुळाचा खडा. ते दिवस काही औरच होते. एवढ्यात फाटकाशी साहेबांची गाडी थांबली.

साहेब बाकांवरची पिकली डोकी बघतच राहिले. "ही मंडळी?"

मारुतराव उठून उभे राहिले. "गैरहजर व्हतो साहेब. आलो."

म्हाळू धापा टाकत पट परत घेऊन आला. साहेबांनी तो चाळला. "सर्जेराव बाजीराव कोण?"

"आबाच की!" पहिल्या बाकावरची समृद्धी म्हणाली. "पर त्यांनी एक दिस बी बुडवला न्हाई."

दुसऱ्या कुणाचं तरी नाव असेल, असं आबांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता, आणि हौशीराम तर फारच प्रेमानं बघत होता.

"मीच साहेब," आबा म्हणाले. "हुरड्याचा सबंध महिना बुडवायचो." योजना गेली, असं त्यांनी धरूनच टाकलं.

तेवढ्यात दारात नकुशी आली. धुवट लुगडं, चापून तेल लावलेले केस. "भोंग्यावर माझं नाव घेतलं म्हणं. दोनदा घेतलं." मग मॅडमकडे बघून चाचरत म्हणाली, "मी मुद्दाम न्हाई बुडवली. आय रोजानं जायची, भाऊ कडंवर असायचा."

आबांना ती खिडकी आठवली. ते आतून उडी टाकत, तेव्हा बाहेर नकुशी भावाला कडेवर घेऊन उभी असायची. वर्गाबरोबर पाढे पुटपुटत. "जागेची अदलाबदल करू का?" असं त्यांनी एकदा गमतीनं विचारलं होतं. ती हसली नव्हती.

साहेब पानं उलटत होते. "वर्षभर रोज गैरहजर. नियमानं नाव कधीच कमी करायला हवं होतं. गुरुजींनी शेवटपर्यंत ठेवलंय." जन्मल्या दिवशीच घराला जी नको झाली होती, तिची एका माणसानं वर्षभर रोज वाट पाहिली होती.

स्नेहल मॅडमनी आजचा पट ओढला, तळाशी पेन्सिलीनं चार नावं लिहिली आणि मोठ्यानं पुकारलं, "नकुशी धोंडिबा?"

"हजर!" ती म्हणाली आणि समृद्धीशेजारी बसली. "उद्या किती वाजता यायचं?"

निघताना साहेब आबांना म्हणाले, "योजना तालुकाभर करू. फक्त ते एक दिवस बुडवला नाही, तेवढं वगळा."

दुसऱ्या दिवशी अकराला आबा रानात निवांत आगटी पेटवून बसले होते. पहिलं कणीस चोळायला घेतलं, तोच भोंगा खरखरला.

"इयत्ता तिसरी. नकुशी, मारुती, हौशीराम, हजर. गैरहजर, सर्जेराव बाजीराव." थोडं थांबून म्हाळूनं पुढं जोडलं, "हुरड्याला गेल्यात, असं नकुशी धोंडिबा सांगतीया."

आबांनी भाजलेला हुरडा सगळ्या वर्गाला पुरेल एवढा टॉवेलात बांधला आणि शाळेची वाट धरली. अर्ध्या तासात पोचायचं होतं. फळ्याला आता तेही भीत होते.