हुरॉन बीव्हर्स टेक्सासास जातेसमयीं गोधडीनें बर्फ सर केल्याची हकीकत

श्रीबर्फेश्वर प्रसन्न. मुक्काम ॲन आर्बर, मुलूख मिशिगन, येथील आइस हॉकीचा नामांकित संघ हुरॉन बीव्हर्स याचे धन्यानें संघ विकोन टेक्सास प्रांतीं रवाना करावयाचा मनसुबा केला, ते समयीं जें घडलें तें लिहिलें ऐसे.

राजश्री सिद्धेशराव नागपूरकर, सॉफ्टवेअरचे चाकरींत, नऊ वर्षें एक सामना न चुकवितां बीव्हर्सचे नांवें ओरडत आले. संघ जाणार हें ऐकोन त्यांचे तोंडचें पाणी पळालें. मग फर्मान सुटलें कीं, शनिवारीं अखेरचा सामना, आणि संघाची जर्सी अंगावर असेल त्यासच नंतर बर्फावर उतरोन खेळाडूंचा निरोप घेण्याची परवानगी. सिद्धेशरावांनीं तें बर्फ आजवर कांचेपलीकडूनच पाहिलेलें. उड्या मारीत कपाट उघडिलें, तों जर्सी गायब!

तपास जारी केला. मातोश्री अहिल्याबाई सहा महिन्यांचे मुक्कामास आलेल्या, आणि रिकामें बसणें त्यांस ठाऊक नाहीं, सबब घरांतील जुनेर गोळा करोन नात आन्या हिजसाठीं गोधडी शिवली होती. कोपरावर फाटकी जर्सी त्यांनीं खुशाल कातरीखालीं घातली. जर्सीवर चितारलेल्या बीव्हर नामें जनावराचे दांत एके कोपऱ्यांत, शेपूट दुसऱ्यांत! आन्या किंचाळली, "आजी, यू कट द बीव्हर!" आणि सिद्धेशराव मटकन बसोन ढसढसा रडले. परंतु मातोश्रींस हार नामंजूर. हुकूम केला कीं, गोधडीच पांघरोन चलावें, दरवानाशीं आम्ही बोलूं.

मग खासा स्वारी निघाली. दारींच जर्सी तपासणाऱ्या दरवानानें अटकाव केला, "सर, दॅट्स अ ब्लँकेट." अहिल्याबाईंनीं गोधडी भर दारांत पसरोन बोट ठेवोन दाखविलें कीं, हें नाक, हे दांत, ही बाही, कांहीं एक कमी नाहीं. आन्या दुभाषी जाहली. मागें रांग खोळंबली आणि तमाम लोक गर्जूं लागले, "लेट देम इन!" दरवान शरण आला.

सामना संपतांच मायलेंक एकाच गोधडींत बर्फावर उतरले, घसरले, आपटले, हंसूं आंवरेना! कप्तान धांवत आला, टांके निरखिले, आणि टेक्सासांत रंगही नवे, नांवही नवें, ऐसें बोलोन अंगची जर्सी उतरवोन मातोश्रींचे हातीं दिली कीं, मजसाठींही एक शिवावी. तें पाहोन गोलरक्षकानें दिली, मग सर्वांनींच. अठरा जर्स्या! सिद्धेशराव रडत हंसत ओरडले, "यार, आई!" घामाचा वास भयंकर, सबब प्रथम धुण्याचा हुकूम जाहला.

येणेंप्रमाणें शनिवारीं बर्फ फत्ते जाहलें. संघ गेला तो गेलाच. मातोश्रींचे परतीस पांच आठवडे उरले आणि गोधड्या अठरा, म्हणोन सिद्धेशराव दररोज ऑफिसाहून येतांच सुई ओंवोन आईचे शेजारीं बसूं लागले.