विकायचा आवाज

मोबाइलमधून कोणी "हॅलो दोस्तों" म्हटलं, की आमच्या वरच्या मजल्यावरून खणखणीत प्रश्न येतो, "किसका दोस्त?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलेच. बँकेने माझी बदली कोल्हापूरहून थेट जबलपूरला केली होती. नवरा नोकरीपायी तिकडेच राहिला आणि मी नऊ वर्षांच्या ओवीला घेऊन अधारतालच्या या भाड्याच्या घरात आले. खोकी उघडायची होती, म्हणून ओवीच्या हाती मोबाइल दिला. तेवढ्यात वरून तो प्रश्न आला आणि पाठोपाठ जिना उतरून घरमालकीणबाई. सत्तरीच्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर.

"मी कुसुम. काकू म्हण. ही बाई तुझ्या पोरीला काहून दोस्त म्हणून राहिली? ओळख आहे का?"

"नाही हो."

"मग? मी तर डोक्यावरच राहते, तरी मी अजून दोस्त म्हटलं नाही. आधी चहा पिऊ, मग ठरवू."

काकूंचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच. मराठीत सुरू झालेलं त्यांचं वाक्य मध्येच हिंदीत शिरतं आणि कधीकधी परत यायचं विसरतं. यजमान इथल्याच रांझी भागातल्या कारखान्यात होते, ते जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला असते, तिचा रविवारी फोन येतो.

काकूंचा स्वतःचा धंदा मात्र आवाजाचा. भोंगा बांधलेल्या रिक्षा गल्लोगल्ली जाहिराती करत फिरायच्या ना, त्यातला बाईचा आवाज पंचवीस वर्षं काकूंचा होता. साड्या, कुकर, शिकवण्या, सगळं त्यांनी विकलं. "एका चादरवाल्यासाठी 'आज आखिरी दिन' बोलली होती मी. तो आखिरी दिन अकरा वर्षं चालला!" एकदा त्या भाजी घेत होत्या. मागून रिक्षा आली, "बहनों, कल मत पछताना!" काकू भाजीची पिशवी तिथेच टाकून धावल्या आणि दोन चादरी घेऊन घरी आल्या. यजमान म्हणाले, "अगं, आवाज तुझाच होता."

"माझ्याच आवाजानं मला गंडवलं," काकू सांगतात. "तेव्हापासून कान उघडे ठेवते."

शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत ओवी काकूंकडे असायची. मोबाइल बघायला त्यांनी कधी बंदी घातली नाही. फक्त डोळे मिटून ऐकायचा, आणि जिथे विकणं सुरू होईल तिथे चमच्याने थाळी वाजवायची. ओवी वस्तूचं नाव आलं की वाजवी. काकू नाक मुरडत.

"लई उशीर. सामान तर शेवटी येते."

"मग कधी वाजवू?"

"आवाज पाह्य नं. आत्ता कशी हळू झाली ती? श्वास घेतला. आता असं काही सांगन, जे कोणालाच सांगितलं नाही."

आणि खरंच मोबाइलमधली दीदी म्हणाली, "ये बात मैंने आज तक किसी को नहीं बताई..." ओवीने आ वासला.

जाहिरातीवर काकूंचा राग नाही. "विकणं काही पाप नाही. पण विकून राहिलो म्हणून सांगून विका. मी भोंग्यातून ओरडायची. लोकांना माहीत होतं, हा भोंगा आहे. ही तर पोरीच्या उशीशी बसून विकते."

मला वाटलं, ओवी आता शहाणी झाली. मग एका संध्याकाळी तिच्या दप्तरात जेवणाचा डबा भरलेला सापडला. आदल्या दिवशीचाही तिने कुत्र्याला घातला होता. खोदून विचारल्यावर कळलं. वर्गात मुली तिला 'छुटकी' म्हणतात, तिच्या हिंदीला हसतात. ती दीदी उंची वाढवायची पावडर विकते, आणि पोळीभाजीने उंची वाढत नाही असं सांगते. पावडर मी नाकारली होती, म्हणून ओवीने पोळीभाजी सोडली.

मी भडकले. "ती जाहिरात आहे, एवढंही कळत नाही तुला? काकू रोज शिकवतात ना?"

"कळतं," ओवी रडत म्हणाली. "मी थाळीपण वाजवली. पण ती रोज मला 'कैसी हो मेरी जान' विचारते. शाळेत मला कोणी काहीच विचारत नाही."

काकू दारात उभ्या होत्या. आवाज ऐकून खाली आल्या असाव्यात. त्या ओवीजवळ जमिनीवर बसल्या, तिची वेणी सोडून पुन्हा घातली.

"हे माझ्या थाळीनं होणार नाही," त्या मला म्हणाल्या. "कान तयार झाले पोरीचे. बोलायला कोणी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी घरी पोचले तर काकू गच्चीच्या कठड्याशी उभ्या. पदर खोचलेला, आणि पंचवीस वर्षांचा तो आवाज साऱ्या गल्लीवर सुटलेला. "अधारताल के प्यारे बच्चों! आज शाम छह बजे, हमारी छत पर, महा थाली मुकाबला! साथ में गरमागरम आलूबंडे! आज आखिरी दिन!"

"काकू, हीपण जाहिरातच झाली," ओवी म्हणाली.

"झालीच. पण बंडे खरे आहेत."

पाच मुलं आली. त्यातली एक ओवीच्याच वर्गातली निघाली, 'छुटकी' म्हणणारी. मोबाइलमध्ये विकणं सुरू झालं की थाळी सगळ्यात आधी ओवीच वाजवी, तेव्हा ती मुलगी ओवीशेजारी सरकून बसली आणि विचारू लागली, "तुझे कैसे पता चला?" ओवीने त्या संध्याकाळी चार बंडे खाल्ले.

यानंतर महिन्याभराने अंगात कणकण होती म्हणून मी दुपारीच घरी आले. काकूंचं भांडं परत द्यायला वर गेले, तर त्या स्पीकर लावून फोनवर बोलत होत्या. एक कोवळा आवाज विचारत होता, "अम्माजी, खाना खाया आपने?"

"हाँ बेटा. आज लौकी बनाई."

मग ती मुलगी विम्याची माहिती सांगू लागली. काकू सगळं ऐकत होत्या, मध्ये प्रश्नही विचारत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सोचकर बताऊँगी. कल फोन करना, बेटा."

फोन ठेवला आणि मी दिसले.

"काकू, ही तर..."

"माहीत आहे. पहिल्या श्वासालाच कळते." त्यांनी फोनची काच पदराने पुसली. "मी काही घेणार नाही. तिलाही समजलं असन आतापर्यंत. पण रोज बारा वाजता विचारते नं, जेवली का म्हणून. एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येते. तिच्याशी खोटं नको बोलायला, म्हणून काहीतरी करून खाते."

मी भांडं ठेवून खाली आले.

सोमवारी पावणेबाराला मी बँकेतल्या फोनवरून काकूंना लावला.

"हाँ जी, बोलिए. क्या बेच रहे हैं?"

"काकू, मी. खालची."

"अच्छा, तू! ओवीला काही झालं का?"

"नाही हो. जेवलात का, तेवढंच विचारायचं होतं."

पलीकडे एकदम शांत झालं. माझा श्वास ऐकत असाव्यात.

"नाही अजून," त्या सावकाश म्हणाल्या. "भेंडी चिरून राहिली. तू काय आणलं आज डब्यात?"