वामनमामांचा अंतरपाट

आमच्या मुरबाडचे वामनमामा मंडप डेकोरेटर आहेत, आणि लग्न टिकणार की नाही हे ते पंगतीवरून सांगतात. वाढप सुरू झालं की मामा खांबाला टेकून उभे राहतात आणि नवरा-नवरी घास केवढा घेतात ते बघतात. "माप जुळतंय," असं पुटपुटले की समजावं, संसार होणार. एका नवरदेवाने अख्खा लाडू एका दमात तोंडात टाकला, तेव्हा मामा माझ्या कानाशी म्हणाले, "सर, पोरीचं काय खरं नाय."

मामांचं स्वतःचं लग्न झालेलं नाही. कारण विचारलं तर म्हणतात, "मंडपवाल्याला मुहूर्ताच्या दिवशी टाइम कुठं असतो?"

मापाची ही विद्या त्यांना माशांनी शिकवली. गोदामामागे खोलीएवढं सिमेंटचं टाकं आहे. पूर्वी त्यात झालरी धुवायचे, आता लाल्या राहतो. लाल्या म्हणजे परदेशी रेडटेल कॅटफिश: काळी पाठ, पांढरं पोट, विटेसारखी लाल शेपटी आणि लांब मिशा. कल्याणच्या कुणीतरी तो बोटाएवढा असताना काचेच्या पेटीत आणला. पेटीत त्याला वळता येईना, तेव्हा तो माणूस त्याला पिंपात घालून धरणात सोडायला निघाला. मामांनी वाटेत अडवलं. "धरणातली आमची मासळी काय तुझ्या बापाची हाय?" असं म्हणून पिंपासकट ठेवून घेतला.

लाल्या स्वभावाने गरीब. कुणावर धावून जात नाही, चावत नाही. फक्त तोंडात मावेल ते गिळतो. एकदा झालरीचा गोंडा गिळला आणि दुसऱ्या दिवशी ओकून टाकला. सोबतीला सोडलेला शिंगाळा मासा गिळला, तो मात्र परत आला नाही. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "त्याच्या मनात राग नव्हता हो," ते अजूनही लाल्याची बाजू घेतात. "मापात चूक माझी झाली."

मग शहापूरच्या एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी पाळलेला, आवरेनासा झालेला दुसरा मासा मामांच्या गळ्यात घातला. अंगावर वाघासारखे पट्टे, तोंड फावड्यासारखं चपटं. हाही गिळणाराच, पण लाल्यापेक्षा बराच लहान. मामांनी त्याचं नाव शहापूरकर ठेवलं. त्याला परत पाठवायला जागा नव्हती, आणि लाल्यापाशी सोडायची छाती नव्हती. म्हणून टाक्याच्या मधोमध लोखंडी चौकटीची जाळी उभी केली. तिला मामा अंतरपाट म्हणत. शहापूरकर वाढून लाल्याच्या तोंडात मावेनासा झाला, की अंतरपाट दूर व्हायचा होता.

माझी बायको शैला गेली त्याला तेव्हा महिना झाला होता. भेटायला येणारे धीर देऊन जात. मामा आले ते दारातूनच म्हणाले, "सर, जरा चला. माप बघायचंय. एकट्याची नजर चुकते, एकदा चुकलीय."

तेव्हापासून रोज संध्याकाळी लग्नातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाक्याशी लागत. मामा मासळीचे तुकडे टाकत आणि आम्ही घास बघत.

"काय वाटतं सर?"

"झाला की मोठा."

"पट्टे उभे हायत ना, म्हणून वाटतो. अजून चार बोटं पायजे."

पुढच्या महिन्यातही चार बोटं पाहिजेच होती. मधल्या वेळात आम्ही काहीबाही बोलत असू. आमच्या मुलीच्या लग्नात शैलाने मंडपाची झालर तीनदा बदलायला लावली होती. मामा ते मोठ्या कौतुकाने सांगत, आणि दर वेळी झालरीचा रंग वेगळा असे. मी दुरुस्त करत नसे.

शैलाच्या वर्षश्राद्धासाठी खुर्च्या सांगायला मी एकदा सकाळीच गोदामावर गेलो. मामा ऑर्डरसाठी आटगावला गेले होते. कापडं धुणारी जनाबाई तेवढी होती. टाक्यात जाळी नव्हती. ती भिंतीला टेकवलेली होती, आणि लाल्या व शहापूरकर एका कोपऱ्यात अंगाला अंग लावून पडले होते.

"जनाबाई, जाळी कोणी काढली?" मी घाबरून विचारलं.

"कवाच काढली. होळीच्या आदीपासून दोगं एकत्र हायत. काय नाय करत." तिने कापड पिळलं. "तुमी यायचा टाइम झाला का मामा परत टाकतात." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुमाला नाय माहीत? मग मी पन काय बोलले नाय."

संध्याकाळी मी नेहमीच्या वेळी गेलो. जाळी जागेवर होती. चहा आला. मामांनी मासळीचे तुकडे टाकले. जनाबाई त्यांना काही बोलली होती की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"सर," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आज काढायची का?"

शहापूरकर जाळीला नाक लावून उभा होता. त्याला पलीकडे जायचं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"पावसाळा जाऊ द्या, मामा," मी म्हणालो.

"मी पन तेच म्हणत होतो," मामा म्हणाले, आणि खुर्ची जरा पुढे ओढून बसले.