पाच फुटी मशीन आणि सहासष्टचा कट

माझ्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो, आणि या शतकात तो निवृत्तीनंतर जन्माला आला. त्याआधी तीस वर्षं मी वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होतो. लोक मला अजूनही 'इन्स्पेक्टरसाहेब' म्हणतात, कुठल्या खात्याचे ते विचारत नाहीत, आणि मीही कुणाचा गैरसमज विनाकारण दूर करत नाही. माझ्या नावावर आजवर अकरा प्रकरणं जमा आहेत. त्यांतली नऊ मी पोचण्यापूर्वीच सुटली होती. दरारा म्हणतात तो हा.

बारावं प्रकरण गुरुवारी सकाळी अकरा वाजता माझ्या दारात उभं राहिलं. ते पेंटरच्या रूपात होतं. पेंटर म्हणजे कोपऱ्यावरचा पाट्यावाला. ब्रश त्याने सोडला त्याला वीस वर्षं झाली. आता तो चिकट व्हिनाईलची अक्षरं मशीनवर कापून दुकानांच्या पाट्या करतो, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

"साहेब, माझ्या जिवावर कुणीतरी उठलंय," तो म्हणाला आणि माझा चहा पिऊन टाकला.

हकिगत अशी. पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर पंचेचाळीस इंच उंचीची अक्षरं लावायचं काम त्याला मिळालं होतं. त्याचं जुनं मशीन दोन फुटी. त्यावर प्रत्येक अक्षर दोन तुकड्यांत कापून जोडावं लागलं असतं, आणि तलाववाल्यांनी बजावलं होतं, की जोड दिसला तर पाटी परत. म्हणून मोठं मशीन घ्यायचं ठरलं. चार फुटी घेतलं तर शिलकीत ब्लेड, स्टँड आणि रुंद रोल बसत होते. पाच फुटी घेतलं तर शिलकीत फक्त पेंटर बसत होता. पेंटरने अर्थात पाच फुटी निवडलं.

"उद्या याहून मोठं काम आलं तर?" तो म्हणाला. "शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत आगाऊ रक्कम भरायची आहे. भरली की परत मिळत नाही. माझी आणि ताईची, दोघांची आठ वर्षांची पुंजी आहे साहेब ती. आणि नेमका आता हा आकडा!"

"कुठला आकडा?"

त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सहासष्ट."

मी चष्मा शोधला, तो सापडला नाही, आणि तसाच निघालो.

पेंटरचा गाळा म्हणजे बोगदाच. लांबी भरपूर, रुंदीच्या नावाने बोंब. पुढे काउंटर, मध्ये टेबल, मागे मोठ्या मशीनसाठी मोकळी केलेली जागा. त्या जागेच्या बरोबर मध्ये, फरशीवर, लाल व्हिनाईलमध्ये सुबक कापलेला '६६' चिकटवला होता. डाव्या भिंतीवर एक लाल बाण, टोक भिंतीकडे. उजव्या भिंतीवर दुसरा, टोक त्या भिंतीकडे.

पुरावा जागेवर ठेवला की त्याला पाय फुटतात, हा माझा अनुभव आहे. मी तिन्ही वस्तू नखाने सोलून पाकिटात टाकल्या.

"ही जागा मोजली आहेस का?" मी सहज विचारलं.

"मोजायची कशाला? माझ्या डोळ्यांतच टेप आहे. साठ इंची मशीन इथे आरामात बसतं."

मी समाधानाने मान डोलावली. साक्षीदार विश्वासार्ह होता.

गाळ्यात आणखी एक व्यक्ती होती. पेंटरची मोठी बहीण, जिला सगळा रस्ता ताई म्हणतो. मशीनने कापलेल्या अक्षरांभोवतीचं जादा व्हिनाईल चिमट्याने सोलून काढायचं नाजूक काम तिचं. तिने एकोणीस दिवस पेंटरशी अबोला धरला होता. तिच्यावर संशय घ्यायचं मी प्रथमपासून टाळलं, कारण जी बाई काहीच बोलत नाही तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसणार, हे उघड आहे. तरी पद्धत म्हणून मी तिची चौकशी केली.

"ताई, इथे संशयास्पद काही दिसलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चिमट्यात एक लाल '६' होता. मी तिला काम चालू ठेवायला सांगितलं.

शुक्रवारी सहासष्ट पेंटरच्या कपावर आला. दुपारी तो मशीनच्या माहितीपत्रकावर आला, थेट पाच फुटी मशीनच्या चित्रावर. संध्याकाळी तो पेंटरच्या स्कूटरच्या सीटवर होता, आणि पेंटर घरी पोचल्यावर पँटवर.

माझा पहिला सिद्धान्त: हे वय आहे. समोरच्या रस्त्यावर एक जुना पाटीवाला आहे, पेंटरचा जुना वैरी. मी जाऊन त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणालो, "सहासष्ट!" तो एकसष्टचा निघाला आणि फार दुखावला.

दुसरा सिद्धान्त: हे तास आहेत. पेंटर माझ्याकडे आला तेव्हापासून शनिवारी पाचपर्यंत मोजले, तर चोपन्न भरले. उरलेले बारा तास गुन्हेगाराने झोपेचे धरले असावेत.

तिसरा सिद्धान्त जुन्या मशीनचा. नवं मोठं मशीन येणार म्हटल्यावर त्याच्या काळजाला घरं पडली आणि ते आपणहून धमक्या कापू लागलं. हा सिद्धान्त ऐकून ताई उठून बाहेर गेली आणि बराच वेळ खोकत राहिली.

शनिवारी साडेचारला पेंटर आगाऊ रकमेचं पाकीट घेऊन निघाला. मी त्याला दारात अडवून चौथा सिद्धान्त समजावत होतो, तेवढ्यात माझी बायको आली.

"अहो, चष्मा! तीन दिवस झाले, फ्रिजवर आहे."

"आत येऊ नकोस. तपास चालू आहे."

ती आत आली. टेबलावरचं माझं पाकीट तिने उपडं केलं. एक बाण, आकडा, दुसरा बाण. "हे कुठे होतं?"

"बाण दोन भिंतींवर. आकडा मध्ये, फरशीवर."

"म्हणजे खोलीची रुंदी की हो!"

ताईने खिशातून टेप काढला, एक टोक माझ्या बायकोच्या हातात दिलं, आणि दोघींनी भिंतीपासून भिंतीपर्यंत तो ताणला. सहासष्ट इंच. केसभरही कमीजास्त नाही.

"मग बिघडलं कुठे?" पेंटर म्हणाला. "मशीन साठचं आहे!"

ताईने माहितीपत्रक त्याच्यासमोर धरलं, तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं, आणि एकोणीस दिवसांनी तोंड उघडलं.

"साठ इंच ते कापतं. शहात्तर इंच ते आहे."

पेंटरने माहितीपत्रक आडव्याचं उभं केलं. "आडवं नाही तर उभं ठेवू."

"मग कापलेली अक्षरं मशीनमधून निघून थेट भिंतीवर चिकटतील. चार फुटी अंगाने बासष्ट आहे. दोन्हीकडे दोन-दोन इंच सुटतात."

"हे तोंडाने सांगायचंस ना, ताई!"

"तोंडाने सांगायला आले होते. विक्रेत्यासमोर म्हणालास, तुला मशीनमधलं काय कळतं. म्हटलं, हा पाट्या करणारा माणूस, पाटी तरी वाचेल. बाणसुद्धा लावले होते."

"मला बाण दिसलेच नाहीत गं. आकडा दाखवायला साहेबांना घेऊन आलो, तर—"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तीस वर्षं वजनमापे खात्यात होतात," बायको म्हणाली.

"मी वजनांच्या टेबलावर होतो," मी शांतपणे म्हणालो. "मापं शेजारच्या टेबलावर होती."

पाचला दहा कमी असताना पेंटरने फोन करून चार फुटी मशीन सांगितलं. मग पाकिटातली उरलेली रक्कम ताईपुढे सरकवली. "ब्लेड आणि रोल तू निवड. आणि... चहा घेशील?"

"घेईन. त्या कपातला नको."

तलावाची अक्षरं आता भिंतीवर आहेत, एकसंध. मशीन गाळ्यात बसलं आहे आणि बहीणभाऊ पुन्हा दिवसभर भांडतात. प्रकरण माझ्या उपस्थितीत सुटल्यामुळे पेंटरने मला फी म्हणून नव्या मशीनवर कापलेली पाटी देऊ केली. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या दारामधली भिंत मी एका नजरेत पाहिली आणि चार फुटी सांगितली.

काल सकाळी त्याच भिंतीच्या मधोमध लाल रंगात '३४' चिकटलेला आढळला. आमच्या चौकटीशी एक बाण, शेजाऱ्यांच्या चौकटीशी एक. माझा कुणीतरी मागोवा घेत आहे, यात शंका नाही. हल्ली ताई दुपारी बायकोकडे येते आणि दोघी कारण नसताना हसतात, पण अशा क्षुल्लक गोष्टींत मी वेळ घालवत नाही. तिन्ही पुरावे काळजीपूर्वक सोलून पाकिटात ठेवले आहेत.

पाटी उद्या यायची आहे.